सूज उतरली, पण कशानं?

वाचकाचं पत्र

नमस्कार मॅडम. आम्ही निफाड तालुक्यातले, घरची द्राक्षबाग आहे. माझ्या सासूबाईंना (वय ५८) चार वर्षांपासून रुमॅटॉइड संधिवात आहे. नाशिकच्या डॉक्टरांनी दिलेली मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदा आणि सोबत फॉलिक अ‍ॅसिड चालू होतं. बऱ्यापैकी निभत होतं. दिवाळीत कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं की ही गोळी म्हणजे कॅन्सरची किमो आहे. त्या घाबरल्या आणि कुणाला न सांगता गोळी बंद केली. त्याच सुमारास माझे चुलत दीर एक पावडर घेऊन आले. डब्यावर ‘नॅचरल केमोकाइन ब्लॉकर’ असं लिहिलंय. महिन्याला ३,८०० रुपये. खरं सांगते, चार-पाच दिवसांत सूज उतरली. सकाळी हात आखडायचे, तेही कमी झालं. आता दोन महिने झालेत. भूक चांगली लागते, चेहरा भरलाय, सगळे म्हणतात तब्येत सुधारली. फक्त गावातल्या शिबिरात मागच्या आठवड्यात साखर १९४ निघाली, आधी कधीच नव्हती.

मी बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी केलंय, केमोकाइन (पांढऱ्या पेशींना सुजेच्या जागी बोलावणारी प्रथिनं) शिकले होते. शोधलं तर केमोकाइन अडवल्यावर उंदरांच्या सांध्यांची सूज गेली असे कितीतरी प्रयोग सापडले. मग ही पावडर खरी असेल का? आणि खरी असेल तर डॉक्टर तेच औषध का देत नाहीत? सासूबाई मला रोज विचारतात, “मला परत भाकरी थापता येईल का गं?” काय सांगू?

– एक सून

उत्तर

ताई,

केमोकाइनकडे येतेच. पण पत्रातली एक ओळ तुम्ही जाताजाता लिहून गेलात आणि मी तिथेच अडकले. भूक वाढली, चेहरा भरला, साखर १९४. आधी त्याबद्दल बोलू, कारण ते उद्यावर टाकण्यासारखं नाही.

चार-पाच दिवसांत रुमॅटॉइडची सूज उतरवणारी वनस्पती माझ्या माहितीत नाही. तितक्या लवकर सूज उतरवणारं एक औषध मात्र चांगलं माहीत आहे: स्टेरॉइड. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन या गोळ्या स्वस्त असतात, कुटून कशातही मिसळता येतात. सांधेदुखीच्या ‘हर्बल’ पुड्यांमध्ये त्या सापडल्याच्या नोंदी आपल्याकडे आणि बाहेरच्या देशांतही पुष्कळ आहेत. तुमचा डबा मी पाहिलेला नाही, त्यामुळे आत स्टेरॉइड आहेच असं छातीठोकपणे म्हणणार नाही. पण गोल होत जाणारा चेहरा, वाढलेली भूक आणि नव्यानं वर गेलेली साखर एकत्र दिसली की कोणताही डॉक्टर पहिली शंका हीच घेईल.

आणि म्हणूनच, हे वाचून रागाच्या भरात डबा उकिरड्यावर फेकू नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी आपलं काम सोडून देतात. तीन-चार आठवड्यांनंतर एकाएकी ते बंद केलं तर शरीराकडे स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे त्या ग्रंथी बनवतात ते नैसर्गिक स्टेरॉइड, पुरेसं नसतं. मग चक्कर, उलट्या, बीपी खाली जाणं, ग्लानी, आणि वेळेत कळलं नाही तर जिवावर बेततं. मी लॅब चालवत होते तेव्हा एका आजोबांचं रक्त तपासायला आलं होतं. आठवडे बाजारात मिळणाऱ्या कागदी पुड्या ते वर्षभर घेत होते. पुड्या विकणारा एका बाजारी आलाच नाही, आणि पुढच्या चार दिवसांत आजोबा अंथरुणावर. घरच्यांना वाटलं उन्हाचा त्रास. रक्तातलं सोडियम उतरलेलं पाहून डॉक्टरांना शंका आली. ते वाचले. पण पुड्यांबद्दल पहिले दोन दिवस घरातलं कुणीच बोललं नव्हतं, आणि ते दोन दिवस मी विसरलेले नाही.

तेव्हा सासूबाईंना उद्या, फार तर परवा, त्यांच्या नाशिकच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. डबा सोबत न्या. मेथोट्रेक्सेट बंद केली हेही सांगा, पावडर दोन महिने चालू आहे हेही सांगा. पावडर कशी कमी करायची किंवा तिच्या जागी काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांतली सरासरी साखर) आणि बीपी बघून घ्या. तोवर ताप आला, उलट्या सुरू झाल्या किंवा त्या गुंगीत गेल्या तर तुमच्याकडच्या जवळच्या रुग्णालयात किंवा नाशिकच्या सिव्हिलला लगेच न्या आणि दारातच सांगा की दोन महिने घेतलेल्या पावडरीत स्टेरॉइड असण्याची शक्यता आहे. हे एक वाक्य तिथे फार उपयोगी पडतं. उरलेली पावडर आणि बिल जपून ठेवा. अन्न व औषध प्रशासनाचं कार्यालय नाशिकला आहे, तिथे तक्रार करता येते.

आता तुमचा प्रश्न. तो चांगला आहे, आणि त्याचं उत्तर ‘सगळं थोतांड’ असं नाही. डब्यावर कुणीतरी जो शब्द चिकटवलाय त्यामागचं विज्ञान खरं आहे.

तुमच्या भागात टोमॅटोच्या प्लॉटमध्ये कामगंध सापळे, म्हणजे मादी पतंगाचा वास लावलेले सापळे, लावतात. नर पतंग कुठूनसा येतो, वास जिकडे दाट होत जातो तिकडे उडत राहतो आणि सापळ्यात पडतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशीचं असंच आहे. जिथे इजा झाली, जंतू शिरले किंवा चुकून का होईना दाह पेटला, तिथल्या पेशी केमोकाइन सोडतात. ही अगदी लहान प्रथिनं. ती रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीला चिकटून बसतात. रक्ताबरोबर वाहणारी पांढरी पेशी त्या भिंतीला घासत, गडगडत चाललेली असते. तिच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरला, म्हणजे केमोकाइन ओळखणाऱ्या प्रथिनाला, केमोकाइन भेटलं की ती तिथल्या तिथे घट्ट चिकटते, दोन पेशींच्या फटीतून अंग चोरून बाहेर पडते आणि वासाच्या मागानं चालू लागते. यातलं न्यूट्रोफिल या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना बोलावणारं इंटरल्यूकिन-८ सापडलं १९८७ मध्ये. आज त्याला सीएक्ससीएल-८ म्हणतात. ‘केमोकाइन’ हे नाव १९९२ चं. माणसात अशी जवळपास ५० केमोकाइन आहेत आणि ती ओळखणारे सुमारे २० रिसेप्टर.

ही बोलावणी सांध्यात काय करतात ते मी सुईच्या टोकाशी पाहिलंय. निरोगी गुडघ्यातून काढलेलं पाणी फिकट पिवळं आणि नितळ असतं. नळीमागे छापील कागद धरला तर अक्षरं वाचता येतात. सुईतून थेंब सोडला तर तो पटकन पडत नाही, पाकाची तार सुटावी तसा दोन इंच लांबत जातो. रुमॅटॉइडनं सुजलेल्या गुडघ्यातलं पाणी गढूळ असतं. नळीमागची अक्षरं दिसत नाहीत, आणि थेंब तार न धरता टपकन पडतो. काचपट्टीवर ठेवून बघितलं तर भिंग फिरवाल तिथे पांढऱ्या पेशी. निरोगी पाण्यात एका मायक्रोलिटरला २०० पेक्षा कमी असतात, सुजलेल्यात २,००० पासून ५०,००० पर्यंत, आणि त्यांत मोठा भरणा न्यूट्रोफिलांचा. यांतली एकही पेशी त्या गुडघ्यात जन्मलेली नसते. एकूण एक रक्तातून बोलावून आणलेली. ते दृश्य पाहिलं की कुणाच्याही मनात येईल: ही बोलावणीच बंद केली तर?

हाच विचार शास्त्रज्ञांनी केला, आणि उंदरांत तो फळाला आला. तुम्ही वाचलेत ते प्रयोग बनावट नाहीत. पुढे माणसांत काय झालं तेही वाचा, कारण ते विक्रीच्या पत्रकात छापत नाहीत. मोनोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींना बोलावणाऱ्या सीसीएल-२ विरुद्ध अँटिबॉडी बनवली, रुमॅटॉइडच्या रुग्णांना दिली. २००६ मध्ये निकाल आला, फायदा नाही. उलट अँटिबॉडीला चिकटलेलं सीसीएल-२ रक्तात साचून कितीतरी वाढलेलं दिसलं. मग त्याचा रिसेप्टर सीसीआर-२ झाकून पाहिला. २००८ मध्ये निकाल, फायदा नाही. सीसीआर-५ अडवणारं मॅराव्हिरॉक मेथोट्रेक्सेटच्या जोडीला देऊन पाहिलं. २०१२, फायदा नाही. आतड्याच्या क्रोन्स आजारासाठी सीसीआर-९ अडवणारी व्हर्सिरनॉन नावाची गोळी तिसऱ्या टप्प्यातल्या मोठ्या चाचणीपर्यंत पोचली आणि २०१३ मध्ये तिथे नापास झाली.

असं का झालं? सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी नाशिकमध्ये राहिलेल्या माणसाला हे समजवायला वेळ लागत नाही. द्वारका चौकाकडचा रस्ता बंद केला म्हणून रामकुंडावरची गर्दी थांबत नाही. माणसं पंचवटीतल्या गल्लीबोळांतून येतात, तपोवनाकडून येतात, ज्याला जायचंच आहे तो वाट काढतो. एका पांढऱ्या पेशीवर तीन-चार प्रकारचे रिसेप्टर असतात, एका रिसेप्टरला अनेक केमोकाइन चालतात, आणि पेटलेला सांधा एकाच वेळी डझनभर केमोकाइन सोडत असतो. शिवाय औषधानं पेशीवरचे बहुतेक सगळे रिसेप्टर दिवसरात्र झाकून ठेवावे लागतात. थोडे उघडे राहिले तरी पेशीला वास लागतोच. मला वाटतं सुरुवातीच्या काही औषधांचा घात इथेच झाला: मात्रा कमी पडली आणि दोष कल्पनेला लागला.

दुसरं कारण उंदीर. तुम्ही मायक्रोबायोलॉजीच्या आहात म्हणून मुद्दाम सांगते, ज्या सीएक्ससीएल-८ चा आपण इतका उल्लेख करतो त्याचं जनुक उंदरात नाहीच. तिथे ते काम दुसरी केमोकाइन करतात. उंदराला औषध बहुधा सांधे सुजण्याआधी किंवा सुजता सुजता देतात. तुमच्या सासूबाईंचा आजार चार वर्षांचा आहे.

या सगळ्यात मला सर्वांत शिकवून गेलेली गोष्ट प्रयोगशाळेत बनलेली नाही. तुमच्या गोठ्यात आहे. गोचीड. गोचीड जनावराच्या कातडीत तोंड रुतवून दिवसचे दिवस रक्त पिते, आणि तरी त्या जागी हवी तशी सूज येत नाही. डास चावला तर आपल्याला लगेच गांधी उठते, मग गोचिडीला शरीर इतके दिवस का सहन करतं? कुत्र्यांवरच्या तपकिरी गोचिडीच्या लाळेत ‘इव्हॅसिन’ नावाची प्रथिनं सापडली. ती केमोकाइनला धरून ठेवतात, म्हणजे बोलावणं पांढऱ्या पेशींपर्यंत पोचतच नाही. पण बघा, गोचीड एका इव्हॅसिनवर भागवत नाही. तिच्याकडे ती अनेक असतात आणि त्यांतली काही एकेकटीच कितीतरी केमोकाइन पकडतात. माणसानं एकेक दार बंद करून पाहिलं. गोचिडीनं सगळी एकदम बंद केली. त्यावर आता संशोधन चालू आहे, आणि मला त्याची खरोखर उत्सुकता आहे. मात्र सगळी दारं बंद करण्याची किंमत गोचिडीला मोजावी लागत नाही, जनावराला लागते. क्षयाच्या जंतूंना घेरायला पांढऱ्या पेशी याच बोलावण्यांवर जमतात. आपल्या देशात क्षय किती घरांत आहे हे वेगळं सांगायला नको.

तरीही केमोकाइन अडवण्याची कल्पना हरली असं समजू नका. जिथे दार जवळपास एकच आहे तिथे ती जिंकली. एचआयव्हीचा विषाणू पेशीत शिरताना बहुधा सीसीआर-५ चा आधार घेतो. १९९६ मध्ये कळलं की काही माणसांत या रिसेप्टरचं जनुक जन्मतःच तुटकं असतं आणि त्यांना एचआयव्ही सहसा लागत नाही. त्या धाग्यावरून मॅराव्हिरॉक तयार झालं, २००७ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. नाव ओळखीचं वाटलं ना? संधिवातात निष्फळ ठरलेलं ते हेच. औषध तेच, रिसेप्टर तोच, पण एका आजारात ते मुख्य दार होतं आणि दुसऱ्यात वीस दारांपैकी एक. (ज्यांच्यात सीसीआर-५ जन्मतः नाही त्यांना वेस्ट नाइल विषाणूची बाधा झाली तर आजार जास्त उफाळतो. म्हणजे ते दारही फुकट बसवलेलं नाही.)

दुसरी गोष्ट प्लेरिक्साफोरची. सीएक्ससीआर-४ हा रिसेप्टर अडवणारं हे औषध एचआयव्हीसाठी म्हणून तपासत होते. स्वयंसेवकांना दिलं तर त्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या. कारण अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींना (स्टेम सेल) सीएक्ससीएल-१२ हे केमोकाइन घरात धरून ठेवतं. ती पकड सुटली आणि पेशी रक्तात उतरल्या. एचआयव्ही बाजूला राहिलं. आज मायलोमा आणि लिम्फोमा या रक्ताच्या कॅन्सरांच्या रुग्णांच्या मूळ पेशी गोळा करायला ते वापरतात, २००८ पासून. याच सीएक्ससीआर-४ वरच्या मॅव्होरिक्साफोरला २०२४ मध्ये परवानगी मिळाली, एका दुर्मीळ जन्मजात आजारासाठी, ज्यात पांढऱ्या पेशी मज्जेतच अडकून पडतात. सीसीआर-४ वरची अँटिबॉडी काही रक्त आणि त्वचेच्या कॅन्सरमध्ये देतात. ही सगळी औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात, यांतलं एकही पावडरीच्या डब्यात येत नाही, आणि यांतलं एकही संधिवाताचं नाही.

मग संधिवातात बोलावणी थांबवायची कशी? मूळ बटण बंद करून. सांध्यातल्या पेशींना केमोकाइन सोडायचा हुकूम देणाऱ्यांत टीएनएफ नावाचा रेणू मोठा. लुधियान्यात जन्मलेले रविंदर मैनी आणि त्यांचे सहकारी मार्क फेल्डमन यांनी लंडनमध्ये टीएनएफ अडवण्याचा उपचार उभा केला. त्यांच्या गटाचा २००० सालचा एक अभ्यास मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत असे. रुग्णाच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशी काढायच्या, त्यांना सौम्य किरणोत्सारी खूण लावायची, परत शिरेत सोडायच्या आणि कॅमेऱ्यानं बघायचं की किती पेशी सुजलेल्या सांध्यांत जाऊन बसल्या. टीएनएफ अडवणारं औषध दिल्यावर दोन आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा केली. सांध्यांत जाणाऱ्या पेशी घटल्या होत्या, आणि सांध्यातली केमोकाइनही. म्हणजे तुम्हाला हवा असलेला परिणाम मिळतो, फक्त तो हुकुमाच्या उगमाशी मिळवावा लागतो. ही इंजेक्शनं आता भारतातही बनतात. ती देण्याआधी छुपा क्षय नाही ना हे तपासावं लागतं, आणि ती सगळ्यांना लागत नाहीत.

बहुतेकांची सुरुवात होते मेथोट्रेक्सेटनं, आणि बऱ्याच जणांचं त्यावरच भागतं. दाहाचे हुकूम तीही खाली आणते, त्यामुळे बोलावणीही कमी होतात. सासूबाईंची भीती मात्र खोटी नाही, तिला उडवून लावू नका. मेथोट्रेक्सेट कॅन्सरमध्ये देतात हे खरं आहे. तिथे मात्रा प्रचंड असते, कधीकधी ग्रॅममध्ये. संधिवातात आठवड्याला साधारण साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम, आणि या मात्रेत ती पेशी मारायला नव्हे, दाह शमवायला दिलेली असते. अमेरिकेत संधिवातासाठी तिला १९८८ मध्ये परवानगी मिळाली. इतक्या वर्षांत जगभर लाखो लोकांनी ती घेतलेली आहे. ‘किमो’ आणि ‘केमोकाइन’ यांचा तर एकमेकांशी संबंधच नाही, दोन्ही शब्दांत ‘रसायन’ डोकावतं एवढंच. त्यांना सांगा, मीठ पदार्थात चिमूटभर टाकतात आणि त्याच मिठात कैऱ्या वर्षभर मुरवतात; दोन्ही ठिकाणी मीठच, काम वेगळं.

एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून पाळा. गोळी आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतल्यानं माणसं दगावलेली आहेत. वार ठरवा, समजा रविवार, आणि कॅलेंडरवर दर रविवारी गोल काढून ठेवा. फॉलिक अ‍ॅसिड डॉक्टर सांगतील त्या वेगळ्या वारी. पुन्हा सुरू करण्याआधी रक्तातल्या पेशी, यकृत आणि क्रिएटिनीन (मूत्रपिंडांचं काम कळण्यासाठी) तपासून घ्या, आणि घरात उरलेल्या जुन्या पाकिटातून आपल्या मनानं सुरुवात करू नका. दोन महिन्यांचा खंड पडलाय, मात्रा डॉक्टरच ठरवतील.

डब्यावर बहुधा हळदीचा अर्क लिहिलेला असेल, मिरीचाही. प्रयोगशाळेतल्या बशीत पेशींवर हळदीतलं कर्क्युमिन ओतलं तर त्या केमोकाइन कमी सोडतात, हे खरं आहे. पण तोंडानं घेतलेलं कर्क्युमिन रक्तात फार थोडं पोचतं. ते जास्त पोचावं म्हणून मिरीचा अर्क घातलेल्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यानं यकृताशी असा खेळ करू नये. आमटीतल्या हळदीला माझी काहीच हरकत नाही.

चुलत दिरांशी भांडू नका. त्यांनाही कुणीतरी एखाद्या हॉलमधल्या मीटिंगमध्ये बसवून हे सांगितलं असेल, आणि काकूंची सूज उतरलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली. त्यांना साखरेचा रिपोर्ट दाखवा. इतर कुणाकुणाला ही पावडर दिली ते विचारा. त्या माणसांनीही ती एकाएकी बंद न करता डॉक्टर गाठायला हवा, आणि हा निरोप त्यांच्यापर्यंत फक्त तुमचे दीरच नेऊ शकतात.

राहिली भाकरी. पावडर कमी होऊ लागली की सूज परत डोकं वर काढेल. सासूबाई म्हणतील, बघ, पावडरच बरी होती. याची तयारी आधीच ठेवा, त्यांना आधीच सांगून ठेवा. मेथोट्रेक्सेटचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, मधला काळ सावरायला डॉक्टर वेगळं काही देतील. हाडाची जी झीज झाली असेल ती भरून येणार नाही, तिथे मी खोटा धीर देणार नाही. पण सकाळी बोटं उघडत नाहीत ती मुख्यतः सुजेमुळे, आणि सूज ताब्यात येते. रोग आवरला गेलेल्या कितीतरी बायका पुन्हा स्वयंपाकघरात उभ्या राहिलेल्या मी पाहिल्यात.

तेव्हा त्यांना ‘हो’ म्हणा, पण आत्ताच परातीशी बसवू नका. निफाडच्या थंडीत सकाळी सातला तर नकोच. दहानंतर, हात दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवून झाल्यावर. बाजरीचं पीठ तुम्ही मळा, मऊ ठेवा, आणि गोळा लहान करून फक्त थापायला त्यांच्यापुढे द्या.